घरचा मेल सर्व्हर, पण आयपी सारखा बदलतो: एमएक्स कुठे दाखवायचा?

खाडीकाठ (प्रश्न)

गुहागर तालुक्यात गावच्या घरी फायबर आहे. जोडणी पीपीपीओईने (राउटरने दर वेळी नव्याने लॉगिन करायची पद्धत) डायल होते, त्यामुळे लाइट गेली की नवा आयपी. घरगुती प्लॅनवर स्थिर आयपी देत नाहीत. स्वतःचं डोमेन घेतलेलं आहे. चार मेलबॉक्स हवेत: घरातल्या दोघांचे, एक होमस्टेच्या बुकिंगचा, एक आंब्याच्या ऑर्डरींचा. शेवटचे दोन मुंबईतल्या भावालाही फोनवर दिसले पाहिजेत.

मशीन म्हणजे रास्पबेरी पाय ४ (छोटासा संगणक, पुढे नुसता 'पाय'), ४ जीबीचा. त्यावर डेबियन १२, पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा) आणि डव्हकॉट (पेट्या वाचायला देणारा). डायनॅमिक डीएनएसचं एक फुकट नाव घेतलंय, राउटर ते नव्या आयपीवर अपडेट करतो. डोमेनचा एमएक्स (मेल कुठे पोचवायची ते सांगणारी डीएनएस नोंद) त्याच नावाकडे आहे. राउटरवर पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते) पायकडे फॉरवर्ड केलंय. घरातल्या घरात सगळं चालतं. अडतं ते इथे:

जीमेलला पाठवलेली मेल ५५० ५.७.१ ने परत येते. मजकुराचा अर्थ असा की या आयपीवरून थेट मेल पाठवायची परवानगी नाही, तुमच्या सेवादात्याचा रिले (मेल पुढे पोचवणारा सर्व्हर) वापरा. दुसऱ्या एका सर्व्हरच्या नकारात 'पीबीएल' असा उल्लेख आहे.

बाहेरून येणारी मेल बहुतेक वेळा येते, पण लाइट जाऊन आल्यावर तास-दोन तास उशिरा. त्यातच एका गिऱ्हाइकाला '५५४ रिले ॲक्सेस डिनाइड' असा बाउन्स (मेल पोचली नाही असा निरोप) गेला. आमच्या लॉगमध्ये मात्र त्या वेळेला त्यांच्या सर्व्हरची जोडणीच नाही. हे कसं शक्य आहे?

आणि तिसरं. पावसात इथे दोन-दोन दिवस लाइट नसते. तेवढ्या वेळात आलेल्या मेलचं काय होतं?

गलबत

आधी लॉगचं कोडं, कारण बाकीचं उत्तर त्यातच आहे.

लाइट गेली तेव्हा तुमचा जुना आयपी सुटला आणि सेवादात्याने तो दुसऱ्या ग्राहकाला दिला. डायनॅमिक डीएनएसच्या नावाचा टीटीएल (मिळालेला पत्ता किती वेळ धरून ठेवायचा तो काळ) ६० सेकंदांचा असतो, पण अपडेट करणारा तुमचा राउटरच बंद. म्हणजे लाइट येईपर्यंत ते नाव जुन्याच आयपीकडे बोट दाखवत राहतं. गिऱ्हाइकाचा सर्व्हर तिथे गेला. त्या पत्त्यावर पोर्ट २५ ऐकणारं काहीच नसतं तर जोडणी झाली नसती, मेल त्यांच्या रांगेत थांबली असती आणि नंतर तुमच्याकडे आली असती. उशिरा येणाऱ्या मेलचं कारण हेच. पण त्या दिवशी तिथे कोणाचा तरी मेल सर्व्हर किंवा एखादा कॅमेरा-बॉक्स पोर्ट २५ उघडून बसला होता. त्याने तुमचं डोमेन ओळखलं नाही आणि ५५४ दिला. ४ ने सुरू होणारा नकार तात्पुरता असतो, ५ ने सुरू होणारा कायमचा. कायमचा मिळाला की पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही, बाउन्स पाठवून मोकळा होतो.

याहून वाईटही होऊ शकतं. त्या अनोळखी सर्व्हरने मेल नाकारण्याऐवजी घेतली असती तर? एसएमटीपीमधलं (मेल पाठवायच्या पद्धतीतलं) टीएलएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, साधारणपणे 'जमलं तर' या तत्त्वावर चालतं. समोरचं प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं आहे हे बहुतेक पाठवणारे तपासत नाहीत. एमटीए-एसटीएस लावून ते सक्तीचं करता येतं, पण जे सर्व्हर ते पाळतात त्यांच्यापुरतंच. बुकिंगच्या मेलमध्ये लोक आधार कार्डाचे फोटो पाठवतात हे लक्षात घ्या.

आता जावक. जीमेलने उत्तर दिलं म्हणजे तुमचं बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडं आहे, ही त्यातल्या त्यात नवलाची गोष्ट. पण तिथून मेल स्वीकारली जाणार नाही. पीबीएल ही स्पॅमहाउसची यादी आहे. तुम्ही स्पॅम केलंत असा तिचा अर्थ नाही. 'या पट्ट्यातले पत्ते घरगुती आणि बदलते आहेत, इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही' एवढंच ती सांगते आणि असे पट्टे पुष्कळदा सेवादातेच नोंदवतात. शिवाय रिव्हर्स डीएनएस तुमच्या हातात नाही. आयपीवरून नाव शोधलं तर आकड्यांनी भरलेलं, मध्ये 'डायनॅमिक' किंवा 'पीपीपीओई' असलेलं काहीतरी निघतं, नाहीतर काहीच निघत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल छोट्या पाठवणाऱ्यांकडूनही नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव असं दोन्हीकडून जुळणारं डीएनएस, टीएलएस आणि एसपीएफ (तुमच्या नावाने कोण पाठवू शकतं ती यादी) किंवा डीकिम (मेलवरची डोमेनची सही) यांपैकी एक मागतं. गाऱ्हाणं घालून यातलं काही बदलत नाही. जावक दुसऱ्याच्या स्थिर पत्त्यावरूनच गेली पाहिजे.

थोडक्यात, आवक आणि जावक यांचे प्रश्न वेगळे आहेत. पाय हा पेटी म्हणून उत्तम आहे. दार म्हणून तो जगासमोर उभा करू नका.

सुरंगी

गलबत यांचं पटतं. एक भर: आज तुमच्याकडे आवक चालते म्हणजे खरा सार्वजनिक आयपी मिळतोय. तो उद्या असेलच असं नाही. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा पत्ता आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरचा पत्ता अधूनमधून ताडून बघा. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये आला की तुम्हाला सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी) आत टाकलं. मग पोर्ट फॉरवर्डिंगला अर्थ उरत नाही आणि आवक एका रात्रीत थांबते.

पोर्ट २५ बाहेरून तपासताना मोबाइल डेटावरून तपासू नका. मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात बाहेर जाणारं २५ बऱ्याचदा बंद असतं. उघडं पोर्टही बंद दिसतं आणि माणूस उगाच राउटर खणत बसतो.

एमएक्सबद्दल: तो नावाकडे असावा, आयपीकडे नाही, आणि ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाचं टोपणनाव) नसावं. 'मेल डॉट माझंडोमेन' हे सीनेमने डायनॅमिक नावाला जोडायचं आणि एमएक्स त्या 'मेल'कडे दाखवायचा, ही रचना नियमात बसत नाही. काही सर्व्हर चालवून घेतात, काही नाकारतात, त्यामुळे दोष शोधायला जीव जातो. तुम्ही एमएक्स थेट डायनॅमिक नावाकडे दाखवलाय, ते त्यापुरतं ठीक.

आयपीव्ही६ ने (नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीने) सुटेल असं कोणी सुचवलं तर सावध. फक्त आयपीव्ही६ वर उभ्या असलेल्या एमएक्सपर्यंत पुष्कळ सर्व्हर पोचतच नाहीत. आणि पीटीआर (रिव्हर्स डीएनएसची नोंद) नसलेल्या आयपीव्ही६ वरून पाठवलेली मेल जीमेल घेत नाही.

रातांबा

मग रचना सांगतो. बाहेर एक छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर), घरी पाय, मधे वायरगार्डचा बोगदा (कूटबद्ध व्हीपीएन). व्हीपीएस मेल घेतो, रांगेत ठेवतो, घर जागं असेल तेव्हा आत ढकलतो. टपाल कायमचं राहतं ते घरी.

व्हीपीएस १ कोअर, १ जीबी रॅम, २० जीबी डिस्क एवढा पुरतो. क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा) त्यावर टाकू नका, एकटाच १ जीबीहून जास्त रॅम खातो. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडून मिळतं का (बऱ्याच ठिकाणी मुळात बंद असतं), पीटीआर स्वतः लावता येतो का, आणि मिळालेला आयपी काळ्या यादीत असेल तर बदलून देतात का. आयपी हातात पडला की पहिल्याच दिवशी तो याद्यांमध्ये तपासा. आधीच्या भाडेकरूची पापं आयपीला चिकटलेली असतात.

नाव ठरवा, उदाहरणार्थ 'एमएक्स डॉट तुमचंडोमेन'. ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) व्हीपीएसकडे, पीटीआर तेच नाव परत देणारा, पोस्टफिक्सचं हेलो नावही (जोडताना तो स्वतःचं सांगतो ते) तेच. तिन्ही जुळले की निम्मी लढाई संपली. डोमेनचा एमएक्स आता या नावाकडे वळवा. डायनॅमिक डीएनएसचं खातं बंद केलंत तरी चालेल.

कारण वायरगार्डमध्ये जोडणी घरून निघते. व्हीपीएसला घराचा पत्ता माहीत असायची गरज नाही. घराकडून शेवटचं पाकीट (डेटाचा तुकडा) जिथून आलं तिकडे तो उत्तर देतो. घरच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा. आयपी बदलला, सीजीनॅट आलं, किंवा फायबर तुटून ४जी डोंगलवर गेलात, तरी बोगदा पुढच्या पाकिटाला नव्या पत्त्यावर जुळतो. राउटरवर एकही पोर्ट उघडावं लागत नाही. व्हीपीएसवर यूडीपी ५१८२० उघडं असलं की झालं.

एमटीयू (अशा एका पाकिटाचा कमाल आकार) मात्र हाताने लावा. वायरगार्ड मुळात १४२० धरतो आणि पीपीपीओईची मर्यादा १४९२ आहे. बोगदा आयपीव्ही४ वरून जात असेल तर ६० बाइटचा बोजा धरून १४८० होतात, बसतं. आयपीव्ही६ वरून गेला तर बोजा ८०, म्हणजे १५००, बसत नाही. १४१२ लावा. ४जीवरही चालवायचं असेल तर १२८० लावून निश्चिंत व्हा. चुकलं तर दिसणारं लक्षण फसवं असतं: पिंग चालतं, दोन ओळींची मेल येते, आणि ३ एमबीचा फोटो जोडलेली मेल डेटा टप्प्यावर लटकून टाइमआउट होते.

व्हीपीएसच्या पोस्टफिक्समध्ये डोमेन 'रिले डोमेन्स'मध्ये (पुढे पाठवायची) टाका, 'माय डेस्टिनेशन'मध्ये (इथेच ठेवायची) नको. ट्रान्सपोर्ट नकाशात त्या डोमेनपुढे पायचा बोगद्यातला पत्ता चौकोनी कंसात लिहा. कंस विसरलात तर पोस्टफिक्स त्या पत्त्याचा एमएक्स शोधायला जातो.

यानंतर 'रिले रेसिपियंट मॅप्स'मध्ये तुमचे चारही पत्ते, शिवाय पोस्टमास्टर आणि अब्यूज. हे टाळाल तर व्हीपीएस कुठल्याही नावाची मेल घेईल, घरचा पाय 'असा माणूस नाही' म्हणून नाकारेल आणि मग व्हीपीएसला बाउन्स पाठवावा लागेल. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाच असतो, त्यामुळे तो बाउन्स तिऱ्हाइताच्या दारात पडतो. असे शेकडो गेले की तुमचाच आयपी काळ्या यादीत. नकार द्यायचा तर तो दारातच द्यायचा.

सोपं पडेल म्हणून व्हीपीएसचं पोर्ट २५ आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) थेट पायकडे वळवू नका. एक तर मधे रांग नसते, लाइट गेली की सगळं पुन्हा पाठवणाऱ्यावर. आणि वळवताना मास्करेड (मूळ पत्ता झाकून स्वतःचा लावणं) लावलंत तर पायला प्रत्येक जोडणी बोगद्यातल्या पत्त्यावरून आलेली दिसते. तो पत्ता 'माय नेटवर्क्स'मध्ये (विश्वासाच्या पत्त्यांत) असला की तुमचा पाय जगासाठी ओपन रिले, कोणाचीही मेल पुढे पाठवणारा. हे काही तासांत कोणीतरी शोधून काढतं.

स्पॅमची चाळणीही व्हीपीएसवरच ठेवा, पाठवणाऱ्याचा खरा आयपी तिथेच दिसतो. पोस्टस्क्रीन (पोस्टफिक्सचा दारावरचा पहारेकरी) आणि स्पॅमहाउसची झेन यादी एवढ्याने बराच कचरा दारातून परत जातो. यासाठी व्हीपीएसवर स्वतःचा अनबाउंड (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा रिझॉल्व्हर) चालवा. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारलं तर स्पॅमहाउस खरं उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ परत करतं. 'काहीही उत्तर आलं म्हणजे यादीत आहे' असं पोस्टफिक्सला समजलेलं असेल तर जगातली प्रत्येक मेल नाकारली जाईल. म्हणून यादीच्या नावापुढे १२७.०.०.२ ते ११ एवढीच उत्तरं मानायची अशी अट लिहा.

आता तुमचा तिसरा प्रश्न. मेल पाठवणारा सर्व्हर साधारण ४-५ दिवस प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ (एसएमटीपीचा नियमग्रंथ) तेवढं सुचवतो आणि पोस्टफिक्सचा मूळ आकडा ५ दिवस आहे. पण सगळे पाळत नाहीत. ओटीपी किंवा बुकिंग साइटची यंत्रं काही तासांत नाद सोडतात. व्हीपीएस मधे आला की पाठवणाऱ्याच्या दृष्टीने मेल पोचली, पुढे कळ काढायची ती तुमच्या व्हीपीएसने. तिथे 'मॅक्सिमल क्यू लाइफटाइम' ३० दिवस करा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत लाइट यायला आठवड्यांचा हिशोब लागला होता. ५ दिवस इथे पुरत नाहीत.

लाइट आल्यावर थांबायचं नसेल तर व्हीपीएसवर 'पोस्टक्यू'ला एफ लावून रांग हलवा. नाही हलवली तरी जास्तीत जास्त ४००० सेकंदांनी, म्हणजे तासाभराने, पोस्टफिक्स आपणहून प्रयत्न करतो.

कुळागर

सॉफ्टवेअर वर आलंच आहे. किनाऱ्यावर मशीन मरतं ते वेगळ्या कारणांनी.

पायवर मेलचा साठा एसडी कार्डावर असेल तर आजच उचला. पोस्टफिक्स प्रत्येक मेल डिस्कवर पक्की लिहिली गेल्याची खात्री करून मगच 'मिळाली' म्हणतो. स्वस्त कार्ड लिहिलं नसतानाही लिहिलं म्हणून सांगतं, आणि त्याच क्षणी लाइट गेली की फाइल सिस्टिम तुटते. यूएसबी ३ वर २४० जीबीची एसएसडी लावा. ॲडॉप्टर ५ व्होल्ट ३ अँपिअरचा. फोनच्या चार्जरवर एसएसडीसकट पाय ४ अर्धवट चालतो, व्होल्टेज पडून गप्पकन रीबूट होतो.

घड्याळ. रातांबांच्या रचनेत हे न लावल्यास हमखास नडेल. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. दोन दिवसांनी लाइट आली की पाय दोन दिवस मागच्या वेळेवर जागा होतो. वायरगार्ड हातमिळवणीत वेळेचा शिक्का पाठवतो, आणि व्हीपीएसने त्या किल्लीचा याहून नवा शिक्का आधी पाहिला असेल तर जुना शिक्का तो चुपचाप टाकून देतो. लॉगमध्ये काही येत नाही, बोगदा फक्त जुळत नाही. एनटीपीने (नेटवरून वेळ मिळवून) वेळ दुरुस्त झाली की जुळतो. पण सगळा ट्रॅफिक, डीएनएससकट, बोगद्यातूनच पाठवत असाल तर एनटीपीही बोगद्याची वाट बघत बसतं आणि दोघं एकमेकांसाठी अडून राहतात. दोन उपाय, दोन्ही करा: बोगद्यातून फक्त व्हीपीएसचा आतला पत्ता पाठवा, बाकी सगळं थेट. आणि डीएस३२३१ चं घड्याळाचं मॉड्यूल पिनांवर बसवा. त्याला ३.३ व्होल्टच द्या. स्वस्त मॉड्यूलवर चार्जिंगची वाट असते. ५ व्होल्ट दिले तर चार्ज न होणारा साधा सीआर२०३२ सेल त्यातून चार्ज व्हायला लागतो आणि फुगतो.

बॅटरीचा हिशोब. पाय आणि एसएसडी ६ वॉट, फायबरचा राउटर १० वॉट, मिळून १६. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी १२ व्होल्टवर १८०० वॉट-तास होते, त्यातले निम्मे वापरायचे धरा: ९००. इन्व्हर्टर नुसता चालू राहायला साधारण १५ वॉट खात असेल तर भार ३१ वॉट, म्हणजे २९ तास. तेही पंखा-दिवा न लावता. इन्व्हर्टर टाळून बॅटरीवरून थेट डीसी घेतलं तर तोटा धरून १८ वॉट, म्हणजे ५० तास. त्यासाठी पायला १२ वरून ५ व्होल्ट करणारा ३ अँपिअरचा कन्व्हर्टर आणि राउटरला १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा बक-बूस्ट लागतो. बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते आणि उतरताना ११ च्या खाली येते, थेट जोडलेला राउटर ते सोसेलच असं नाही. बॅटरीच्या टोकाजवळ ५ अँपिअरचा फ्यूज. तो नसेल तर हा जुगाड करू नका, बॅटरी शॉर्ट झाली की वायर पेटते.

घरची बॅटरी भरलेली असून नेट गेलं तर तो पलीकडे सेवादात्याच्या यंत्राच्या बॅटरीचा प्रश्न आहे, त्याला आपल्याकडे इलाज नाही. ४जी डोंगल राउटरला लावून ठेवा, टॉवर उभा असेपर्यंत चालेल.

आकाशातली वीज. फायबरमधून काचेतून वीज येत नाही हे खरं, पण बाहेरच्या ड्रॉप केबलला आधाराची लोखंडी तार असते. ती घराबाहेरच्या खिळ्यावर संपवा, राउटरपर्यंत आत आणू नका. उरलेला रस्ता लाइटच्या वायरीचा. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय शोभेचा. आणि आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठाक पडते, तेव्हा कोळसा-मीठ घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यातही पाणी ओतत राहावं लागतं. पहिल्या वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात.

खारी हवा: पंख्याची केस नको, पंखा मीठ आत ओढतो. पूर्ण ॲल्युमिनियमची, पंखा नसलेली केस घ्या. चिऱ्याच्या भिंतीला पावसात घाम फुटतो, म्हणून भिंतीपासून चार बोटं सोडून फळीवर ठेवा, जमिनीपासून कंबरेच्या वर. गरम ॲडॉप्टरमागे पाली आणि मुंग्या वस्तीला येतात. ॲडॉप्टरला बारीक जाळीचं झाकण करा.

आणि बॅकअप घराबाहेर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा सर्व्हर आणि शेजारच्या कपाटातली बॅकअपची डिस्क असा भेद पाण्याने केला नसता. रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने कूटबद्ध करून रोज रात्री बाहेर पाठवा.

खाडीकाठ

मनापासून आभार. बाउन्सचं कोडं सुटलं. आता दोन शंका. जावकही याच व्हीपीएसवरून पाठवली तर चालेल ना? आणि चार मेलबॉक्ससाठी हा सगळा पसारा जास्त होतोय का, याहून साधं काही आहे?

सुरंगी

साधं आहे. डोमेनची आवक एखाद्या मेलबॉक्स देणाऱ्याकडे सोपवा आणि पायने तिथून आयमॅपने (दुरून पेटी वाचायची पद्धत), पोर्ट ९९३ वरून, मेल उचलून डव्हकॉटमध्ये टाकावी. गेटमेल किंवा फेचमेल हेच काम करतात. डायलअपच्या काळापासून चालत आलेली पद्धत आहे, बदलत्या आयपीला ती मुळातच पर्वा करत नाही. बोगदा नको, व्हीपीएस नको, काळ्या याद्या नकोत. लाइट नसेल तेव्हा भाऊ थेट तिकडच्या पेटीत बघू शकतो. गेटमेलमध्ये 'डिलीट आफ्टर' ३० दिवस ठेवा, लगेच पुसू नका.

एकच खड्डा: पैसे वाचवायला एकच 'कॅच-ऑल' (कुठल्याही नावाची मेल घेणारी) पेटी घेऊन घरी चार जणांत वाटणी करायला जाऊ नका. बीसीसीने किंवा मेलिंग लिस्टवरून आलेल्या मेलच्या 'टू'मध्ये तुमचा पत्ताच नसतो. मेलच्या पाकिटावरचा (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो) खरा पत्ता पेटीत पडताना गळून गेलेला असतो, मग ती मेल कोणाची हे फेचमेलला कळत नाही. चार पत्ते, चार पेट्या.

माझं मत विचाराल तर बुकिंग आणि ऑर्डरींवर पोट असेल तर हीच पद्धत. रातांबांची रचना उत्तम आहे, पण व्हीपीएसवर दर महिन्याला अपडेट, लॉग, याद्या हे बघणारं कोणीतरी हवं.

रातांबा

मान्य, बघायला वेळ नसेल तर सुरंगींचं ऐका. वेळ असेल तर जावकीबद्दल:

त्याच व्हीपीएसवरून पाठवता येईल, पण ३० दिवसांचा आकडा जावकीलाही लागू होतो. पोस्टफिक्समध्ये रांगेचं आयुष्य सगळ्या रांगेला एकच असतं, डोमेनगणिक वेगळं ठेवता येत नाही. गिऱ्हाइकाचा पत्ता लिहिताना एक अक्षर चुकलं आणि त्या चुकीच्या डोमेनवर मेल घेणारं कोणी नसलं, तर तुम्हाला महिन्याने कळेल की कोटेशन पोचलंच नाही. तोवर आंबा संपलेला असेल. 'पोस्टमल्टी'ने व्हीपीएसवर दुसरं पोस्टफिक्स उभं करा, जावकीपुरतं, त्यात आयुष्य २ दिवस. किंवा जावक सरळ एखाद्या रिले सेवेकडे द्या: पायच्या 'रिलेहोस्ट'मध्ये त्यांचं नाव चौकोनी कंसात, पोर्ट ५८७, एसएएसएल (लॉगिन) चालू, टीएलएस सक्तीचं, पासवर्डाची फाइल ६०० परवानगीची. चार पेट्यांच्या जावकीला नव्या आयपीची पत कमावत बसण्यापेक्षा हे बरं.

रिले वापरलात तर एसपीएफमध्ये त्यांचा 'इन्क्लूड' घाला. डीएनएस चौकश्यांची मर्यादा १० आहे, उगाच पाच सेवा कोंबू नका. डीकिमची सही घरी पायवरच करा. कारण रिलेवाले पाकिटावर पाठवणारा म्हणून बऱ्याचदा स्वतःचं डोमेन लावतात. मग एसपीएफ पास होतो, पण त्यांच्या नावाने, आणि डीमार्कला (मेलवर दिसणारं डोमेन जुळतं का ते बघणारा नियम) तो तुमचा म्हणून चालत नाही. तुमच्या डोमेनची डीकिम सही असेल तर डीमार्क तिच्यावर पास होतो. किल्ली २०४८ बिटची. तिचा टीएक्सटी रेकॉर्ड २५५ अक्षरांत मावत नाही, अवतरणांत दोन तुकडे करून लिहावा लागतो. डीमार्क आधी 'पी नन'वर (नुसतं कळवा) ठेवून अहवाल वाचा, सगळं जुळल्यावर 'क्वारंटाइन' (संशयित म्हणून बाजूला टाका).

भावाच्या फोनसाठी: फोनवर वायरगार्डचं ॲप टाकून त्याला बोगद्यात घ्या, डव्हकॉट जगाला दाखवूच नका. ॲप नको असेल तर व्हीपीएसवर एचएप्रॉक्सी (जोडण्या पुढे पोचवणारा) लावून ९९३ आणि ५८७ आत द्या, प्रॉक्सी प्रोटोकॉलसकट, म्हणजे डव्हकॉट आणि पोस्टफिक्सला खरा आयपी कळेल. नुसतं मास्करेड केलंत तर पासवर्ड चुकवणारा प्रत्येक जण बोगद्याच्या पत्त्यावरून दिसतो, फेल२बॅन त्या पत्त्यालाच बंदी घालतो आणि भावासकट सगळे बाहेर.

गलबत

दोन्हींपैकी काहीही केलंत तरी पावसाआधी एकदा मुद्दाम पाडून बघा. व्हीपीएसची रचना असेल तर संध्याकाळी पायचं मेन बटण बंद करा, इन्व्हर्टरवरून नाही, सरळ ओढून. तीन वेगळ्या ठिकाणांहून मेल पाठवा: एक साधी, एक १० एमबी जोडलेली, एक मुद्दाम चुकीच्या नावाला. व्हीपीएसवर 'पोस्टक्यू पी' मध्ये दोनच दिसायला हव्यात आणि तिसऱ्याचा नकार पाठवणाऱ्याला लगेच मिळायला हवा. १० एमबीची मुळीच आली नसेल तर 'मेसेज साइज लिमिट' बघा, पोस्टफिक्सचा मूळ आकडा १०२४०००० बाइट आहे आणि जोडलेली फाइल बेस६४ मध्ये साधारण एक तृतीयांशाने फुगते. दोन्ही टोकांना तो ३ कोटी करा. घरचा आकडा व्हीपीएसपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर पुन्हा तेच, घेतलेली मेल आत नाकारली जाऊन बाउन्स.

सकाळी पाय चालू करा आणि कशालाही हात न लावता तास-सव्वा तास थांबा. मेल आपोआप आल्या तर झालं. नाही आल्या तर आधी 'डेट' मारून पायवरची वेळ बघा, मग 'डब्ल्यूजी शो'मध्ये शेवटची हातमिळवणी कधीची आहे ते.